सेंट जॉनचा एस

मराठी माणसाला इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या एसची कदर नाही. आपण दुकानात जाऊन "एक चिप्स द्या" म्हणतो. पायात एक शूज घालून दुसरा शूज शोधत घरभर फिरतो. आमच्या पुण्यात एखाद्या शाळेला सेंट जॉन म्हणा नाहीतर सेंट जॉन्स म्हणा, रिक्षावाला एकाच दारात सोडतो आणि उतरताना दोन शब्द सुनावतो. या एसच्या बाबतीतल्या बेफिकिरीपायी गेल्या नोव्हेंबरात मी माझ्या बायकोची नोकरी जवळजवळ घालवली होती. 'जवळजवळ' हा शब्द मी आत्ता मोठ्या ऐटीत लिहिलाय. तेव्हा तो अजून मिळालेला नव्हता.

आम्ही राहतो आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला. बायको नासजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्या तिथे बनतात. मी सँडीफोर्डला सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. स्वतःच्या चुका मी घरी फुकट करतो. आमचं इथलं राहणं टांगलेलं आहे बायकोच्या परमिटच्या खुंटीला. माझं काम काँट्रॅक्टवरचं, मी नुसता त्या खुंटीला लोंबणारा शर्ट.

ऑक्टोबरात बातमी आली की बायकोचा विभाग नव्या वर्षात बंद होणार. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी टोस्टवर चटणी लावत होतो. मी "होईल काहीतरी" असं म्हणालो आणि टोस्टच्या दोन्ही बाजूंना चटणी लावून ठेवली. त्या दिवसापासून पोस्टमनने दाराच्या फटीतून पाकीट टाकलं तरी मी दचकायचो. आमच्या मुलीला, म्हणजे इथेच वाढलेल्या, मराठी कळणाऱ्या पण डब्लिनच्या हेलात इंग्रजीतून उत्तर देणाऱ्या बाईसाहेबांना, आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिला अर्थात सगळं ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी मी लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, उभा असताना बायकोचा फोन आला. ती ड्राइव्ह करत होती, आवाज तुटत होता.

"अरे, एक जागा आहे. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात. कॅनडात. सेंट जॉनला."

"सेंट जॉन्सला? वा!"

"हो, सेंट जॉनला. ऐक आता. तिकडचा बॉस येतोय पुढच्या पंधरवड्यात. आम्ही तिघं आहोत रांगेत. तो प्रत्येकाच्या घरी जेवायला येणार आहे."

"जेवायला? का?"

"घरच्यांना भेटायला. आधी दोघांना नेलं होतं, दोघंही हिवाळा संपायच्या आत परत गेले. घरच्यांचं मन रमेना. माझं काम त्याने पाहिलंय. आता तो तुला बघणार आहे."

पुढचं सगळं नाटक या शेवटच्या वाक्याने घडवलं. लग्न ठरताना मला बघायला तिचे चार मामा आले होते. त्या वेळी मी चहाचा कप स्वतःच्याच मांडीवर उपडा केला होता. तरी लग्न झालं, कारण माझा भाऊ म्हणाला होता, "तो रोज असा नसतो." आता भाऊ पुण्यात, आणि मी रोज असाच असतो हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत.

गाडी पुढच्या स्टॉपला पोचायच्या आत मी फोनवर सेंट जॉन एवढं टाइप केलं. फोनने शेवटी आपण होऊन एक एस जोडला. मी म्हटलं, जोड बाबा. समोर न्यूफाउंडलंड नावाचा प्रांत उघडला. पर्यटकांसाठी असतं तसं पान: प्रांताची मूलभूत माहिती, अधिकृत चिन्हं, ध्वज, पक्षी, फूल, झाड, खनिज.

मी भारतात स्पर्धा परीक्षा दोनदा नापास झालेला माणूस आहे. अशी माहिती समोर आली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

मी ठरवलं, की बॉसला गार करायचं. तो दारात आला की त्याच्या प्रांताचा ध्वज, बसला की त्याच्या प्रांताचा पक्षी, जेवताना फूल, बडीशेपेबरोबर खनिज. हा माणूस म्हणेल, ही मंडळी तर मनाने तिकडे पोचलीसुद्धा. आणि बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला सरप्राइझ.

घरी त्या वेळी सासूबाई आल्या होत्या, अमरावतीहून, लेकीकडे सहा महिने. मी त्यांना आई म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात आणि त्या एका शब्दात आदर आणि शंका अशा काही कालवतात की वेगळं काढता येत नाही. मी दुपारी घरून काम करताना त्यांना शिकवायला लागलो.

"आई, त्यांचा पक्षी पफिन. काळा-पांढरा, चोच रंगीत. आणि फूल घटपर्णी. तिच्यात पाणी साठतं, किडे पडतात, ते ती खाते."

"मास खाते हे फूल?"

"हो."

"मंग देवाले कसं वाहायचं?"

याचं उत्तर त्या पानावर नव्हतं.

"बरं, आपल्या म्हाराष्ट्राचं फूल कोनतं हाये मंग?" त्यांनी विचारलं.

मी झेंडू म्हणालो. मग जास्वंद म्हणालो. मग म्हणालो, "आई, विषय कॅनडाचा आहे." नंतर गुपचूप पाहिलं तर ते ताम्हण निघालं. ताम्हणाचं झाड मी आजतागायत ओळखू शकत नाही, पण घटपर्णी मी झोपेत काढून दाखवली असती.

त्या प्रांताच्या मी प्रेमातच पडलो. कारण तिथलं घड्याळ. जग तासातासाने मागेपुढे होतं, पण न्यूफाउंडलंडचं घड्याळ अर्ध्या तासाच्या फरकाने चालतं, अगदी भारतासारखं. मी हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं: "तुम्ही आणि आम्ही, अर्ध्या तासाची माणसं." शिवाय तिथे पूर्वी आयर्लंडमधून खूप लोक गेले, त्यामुळे बोलण्यात इकडचा हेल अजून टिकून आहे. ते मी मुलीला सांगितलं.

"बघ, तुझा ॲक्सेंटसुद्धा बदलावा लागणार नाही."

तिने माझ्याकडे बर्फासारख्या थंड नजरेने पाहिलं. "आय'म नॉट गोइंग, बाबा. यू गो. सेंड अस अ पोस्टकार्ड."

मी त्यालाही होकाराची पहिली पायरी समजलो. काळजीत असलेला माणूस कशालाही पायरी समजतो.

जेवणाचा दिवस आला. बायको त्याला कारखाना दाखवून नासहून थेट घरी आणणार होती. मी सुट्टी घेतली होती. दुपारी आईंनी दिवाळीतून उरलेले रांगोळीचे रंग काढले. ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आई आल्या त्या आठवड्यात मी "साखर प्रेसमध्ये आहे" म्हटल्यावर त्या बराच वेळ इस्त्री हातात घेऊन उभ्या होत्या.

आमच्या दारावर छोटंसं छप्पर आहे. त्याखाली आईंनी ध्वज काढला. काय काढला! निळे त्रिकोण, लाल कडांचे त्रिकोण, मधे पिवळा बाण, आणि रेघ अशी की फूटपट्टीने लाजावं. तो ध्वज जणू रांगोळीसाठीच जन्माला आला होता. समोरच्या घरातला म्हातारा कचऱ्याचा डबा आत घेताना थांबला. "दॅट्स ग्रँड," म्हणाला. इथे छानलाही ग्रँड म्हणतात आणि ठीकलाही. मला वाटलं, झालं, जिंकलो. आईंना मी एक इंग्रजी वाक्य पाठ करून दिलं होतं. ते त्यांनी हात जोडून एकदा म्हणून दाखवलं. सगळं तयार होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. स्पीकरवर, गाडीतून.

"निघालोय. भूक लागलीय त्याला. लवकर वाढावं लागेल. त्याच्या पोटात अजून तिकडचीच वेळ चालू आहे, एक वाजला म्हणतोय."

मी घड्याळ पाहिलं. पाच.

"दीड," मी प्रेमळपणे दुरुस्त केलं.

"काय दीड?"

"त्यांच्याकडे दीड वाजलाय. एक नाही."

"अरे, त्याचं घड्याळ त्याला कळतं ना? तो माझ्या शेजारी बसलाय."

"पण न्यूफाउंडलंडचं घड्याळ अर्ध्या तासाने—"

"न्यूफाउंडलंड?" बायको म्हणाली. "न्यूफाउंडलंड कुठून आलं? न्यू ब्रन्सविक! सेंट जॉन, न्यू ब्रन्सविक! काय झालं? बोल ना."

"ग्रँड," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

कॅनडात दोन गावं आहेत. एक सेंट जॉन्स, एस असलेलं, न्यूफाउंडलंडमध्ये. दुसरं सेंट जॉन, एस नसलेलं, न्यू ब्रन्सविकमध्ये. दोन वेगळे प्रांत. दोन वेगळे ध्वज, दोन पक्षी, दोन फुलं, दोन घड्याळं, आणि मधे समुद्र. लोक पत्रं चुकवतात, सामान चुकवतात, हे मला नंतर कळलं. पण घराच्या उंबऱ्यावर चुकीचा अख्खा प्रांत रांगोळीने काढणारा बहुधा मी पहिलाच.

मला तेव्हा जे झालं त्याला मराठीत चांगला शब्द आहे: धाबं दणाणलं. कानात खरोखर दणदण ऐकू येत होतं. नासहून यायला वेळ तो किती लागणार. मी फोनवर न्यू ब्रन्सविक उघडलं. अक्षरं हलत होती. पक्षी: काळी टोपी घातलेली चिकडी नावाची चिमणीएवढी पाखरं. फूल: जांभळं व्हायोलेट. झाड: कसलंसं सुचीपर्णी. कॅनडातला एकमेव प्रांत जिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत भाषा. त्यांनी प्रांताची अधिकृत मातीसुद्धा ठरवून ठेवलीय. माती! माणसाने पाठ तरी किती करावं? ध्वजावर सोनेरी सिंह आणि खाली वल्ह्यांचं जहाज. मी धावत दारात गेलो.

"आई, हे पुसा."

आई वर बघून म्हणाल्या, "काय झालं बाप्पा?"

"प्रांत चुकला. पुसा. सिंह काढायचाय."

"पाव्हना दाराशी यिऊन रायला अन् रांगोळी पुसू? पाव्हना येताना रांगोळी पुसत नाई जावईबापू. पोरीच्या नोकरीची गोष्ट हाये."

"नोकरीची गोष्ट आहे म्हणूनच म्हणतोय!"

मी खाली बसलो आणि हाताने पुसायला गेलो. आईंनी माझ्या हातावर फटका मारला. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासूने जावयाला मारल्याची आमच्या घरातली ही पहिली घटना. पिवळ्या बाणाचं टोक माझ्या तळव्याला लागून आलं होतं.

दारात मुलगी उभी होती. शाळेचा युनिफॉर्म अजून अंगावर, हातात क्रिस्प्सचं, म्हणजे आपल्या चिप्सचं, पाकीट. तिने सगळं ऐकलं होतं.

"राँग प्रॉव्हिन्स?" तिने विचारलं. "सीरियसली, बाबा?"

"आईला सांगायचं नाही," मी म्हणालो.

तिने एक क्रिस्प कुरकुरत चावला. ते चावणं मला आवडलं नाही.

आईंनी मात्र शांतपणे रंगांचे डबे पुन्हा उघडले. "पुसाची नाई. वाढवाची," त्या म्हणाल्या. निळ्या त्रिकोणांतून त्यांनी पाकळ्या काढल्या. लाल कडांवर ठिपके दिले, ठिपक्यांतून वेल नेली. मोडक्या बाणाची त्यांनी समई केली. चारही कोपऱ्यांत मोर बसवले. बघता बघता न्यूफाउंडलंड अमरावतीत विरघळून गेलं. मला भरून आलं, पण तेवढ्यात गाडी वळली आणि मला आठवलं की सिंह कुठेच नाहीये.

तो उतरला. उंच, पिकल्या भुवयांचा, हळू बोलणारा माणूस. रांगोळीपाशी थांबला. मी श्वास धरला. त्याने खूप वेळ खाली पाहिलं.

"पारंपरिक?" त्याने विचारलं.

"अत्यंत," मी म्हणालो.

"सुंदर," तो म्हणाला, आणि बाजूने पाय टाकून आत आला. माझा सुटलेला श्वास समोरच्या म्हाताऱ्यापर्यंत गेला असावा. मला वाटलं, वाचलो. बायकोही हसून माझ्याकडे बघत होती. मला एवढंच करायचं होतं की इथून पुढे तोंड उघडायचं नाही.

पण मी आईंना ते वाक्य विसरायला सांगायला विसरलो होतो.

पाहुणा कोट काढत होता. आई पुढे आल्या, पदर सावरला, हात जोडले, आणि आठवडाभर घोटलेलं वाक्य खणखणीत म्हणाल्या:

"वेलकम सर. युवर पफिन इज व्हेरी नाइस."

पाहुण्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मग पँटकडे. मग माझ्याकडे.

"मफिन," बायको घाईने म्हणाली, "ती मफिनबद्दल बोलतेय. म्हणजे, आम्ही... नंतर..."

"मफिन नाई वं," आई म्हणाल्या, "पफिन. पाखरू. जावईबापूंनी शिकवलं."

आणि मग मुलगी बोलली. क्रिस्प्स खात खात, अगदी सहज: "बाबा लर्न्ट द राँग प्रॉव्हिन्स. ही थॉट यू वेअर फ्रॉम न्यूफाउंडलंड."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि त्याच्यामागून ती निघून गेली. असा चेहरा मी आधी एकदाच पाहिला होता, टोस्टच्या दिवशी. मला जन्मभराचे घोटाळे आठवले. सगळे मिळून आजच्यासाठी सराव होता असं वाटलं.

जेवायला बसलो. आईंनी पाटोडीचा रस्सा केला होता. पाहुणा दोन घास जेवला, डोळे पुसले, पाणी प्यायला. मग चमचा ठेवून मला म्हणाला, "प्रांत चुकला म्हणजे कसं?"

मी काय करणार? एसचं सांगितलं. चिप्सचं, शूजचं, रिक्षावाल्याचं. मुलीच्या हातातलं पाकीट घेऊन एक क्रिस्प उचलून दाखवला आणि म्हटलं, "याला आम्ही एक चिप्स म्हणतो." मी एरवी हा किस्सा सांगितला तर लोक हसतात. तो हसला नाही.

"मागच्या वेळी एक कुटुंब आलं," तो म्हणाला. "त्या गृहस्थांनीही सगळ्याला वा वा म्हटलं होतं. फेब्रुवारीत ते मला म्हणाले, आपण कुठे आलोय हेच मला कळत नाहीये." मग त्याने सरळ विचारलं, "तुम्ही माझ्या गावाबद्दल काय जाणता?"

बायको ताटाकडे बघत होती. पोळीचा एकच तुकडा ती बारीक करत चालली होती. मला जांभळा रंग आठवत होता पण फूल आठवेना, टोपी आठवली पण पक्षी आठवेना. जांभळी टोपी घातलेला पफिन डोळ्यासमोर उभा राहिला. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी धड शिल्लक होत्या.

"तुमच्या गावात नदी उलटी वाहते," मी म्हणालो. "आणि तुमच्या प्रांताचं ब्रीदवाक्य आहे: आशा परत आणली."

तो मान हलवून म्हणाला, "भरतीच्या वेळी. समुद्र इतका चढतो की नदीला मागे ढकलतो."

आईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हन्ते?"

मी सांगितलं. आई विचारात पडल्या. त्यांच्या गावाकडे नदी उन्हाळ्यात वाहतच नाही, त्यामुळे उलटी वाहणं हा त्यांना चैनीचा प्रकार वाटला असावा. मग त्यांनी सरळ पाहुण्याकडे बघून विचारलं, "नदी मांघारी येते म्हन्ता. गेलेली मान्सं बी मांघारी येतात का?"

"हे काय विचारताय, आई?" मी कुजबुजलो.

"इचारा त्याईले," त्या म्हणाल्या. "माही पोरगी अमरावतीहून पुन्याले गेली, पुन्याहून इकडे आली, आता अजून तिकडे जाऊन रायली. मले पाह्यचं हाये का तिकडून कोनी वापस येते का नाई."

बायकोने मान वर केली. मी भाषांतर केलं. जमेल तसं केलं.

पाहुण्याने पाण्याचा ग्लास जागच्या जागी फिरवला. "नाही," तो म्हणाला. "आमची मुलं कामासाठी पश्चिमेला जातात. माझी दोन गेली. फारसं कोणी परत येत नाही. म्हणून तर आम्ही इथे येऊन तुमच्यासारख्यांना बोलावतो."

मी ते मराठीत सांगितल्यावर आईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी एक पाटोडी वाढली. त्याने डोळे पुसत तीही खाल्ली. या वेळी रश्शामुळेच पुसले असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

मग तो मुलीकडे वळला. "तुला यायचंय का?"

"नो," ती म्हणाली.

"का?"

"माझ्या सगळ्या मैत्रिणी इथे आहेत," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "आणि ह्यांना तर तुम्ही कुठले हेपण माहीत नाही."

यावर तो पहिल्यांदा हसला. बायको नाही हसली. तो गेल्यावर तिने भांडी घासायला घेतली. आमच्याकडे भांडी घासायचं मशीन आहे. मी तिच्या शेजारी फडकं घेऊन उभा राहिलो.

"चुकलं गं," मी म्हणालो.

"तू मला एकदा विचारलं असतंस," ती म्हणाली. "एकदा. 'कुठलं सेंट जॉन?' एवढंच."

"सरप्राइझ द्यायचं होतं."

"दिलंस," ती म्हणाली.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. तिच्या फोनचा आवाज झाला की घरात सगळेच थबकायचो. आईंनी देवाला साखर ठेवली, ठेवताना "पफिनपायी झालं" असं पुटपुटल्या. मी ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका सापडूनही सांगेनासा झालो. म्हटलं, असू दे बिचाऱ्यांच्या. रांगेतल्या दुसऱ्या दोघांकडे काय झालं असेल, कोणी सिंह काढला असेल का, त्यांच्या बायकांनी-नवऱ्यांनी पक्षी बरोबर सांगितला असेल का, याचा विचार करत मी लुआसमध्ये दोनदा माझा स्टॉप चुकवला. दारातली रांगोळी पावसाच्या वाऱ्याने रोज थोडी थोडी उडत होती. वरचे मोर आधी गेले. मग समई. शेवटी खालून एक निळा त्रिकोण वर आला आणि बरेच दिवस तसाच राहिला. मी जाता-येता त्याच्याकडे बघायचं टाळायचो.

फोन आला तो रविवारी. बायको बाहेर बागेत जाऊन बोलली. काचेतून मला तिची पाठच दिसत होती, आणि पाठीवरून काही कळेना. ती आत आली, खुर्चीत बसली.

"मला घेतलंय," ती म्हणाली. "पण सही आत्ता नाही. तो म्हणाला, आधी तिघं फेब्रुवारीत येऊन राहून बघा. सगळ्यात वाईट महिन्यात. मग ठरवा. नाही म्हणालात तर पुढच्याला विचारेन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझ्यासाठी निरोप आहे. येताना काही पाठ करून येऊ नका."

आई जानेवारीत अमरावतीला परत गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "जावईबापू, पाखरू दिसलं तं फोटो धाडजा. कोनतं बी."

तिकिटं बायकोने काढली. मी शेजारी बसलो होतो, पण माउसला हात लावायची मला मनाई होती. गावाचं नाव टाइप करून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं, मुलीने वाचलं, मग मला वाचायला दिलं. मुलीचं "आय'म नॉट गोइंग" चालूच होतं. आता त्याला "आय'म ओन्ली व्हिजिटिंग" अशी पुस्ती लागली होती. बॅग भरताना तिने मैत्रिणींचे फोटो सगळ्यात वर ठेवले. मी नुसती बॅगेची चेन लावून दिली. मी काही बोललो की पायरी होते आणि मीच तिच्यावरून घसरतो.

डब्लिन विमानतळावर काउंटरवरचा पोरगा गोड होता. पासपोर्ट चाळत म्हणाला, "सेंट जॉन्स, इज इट? ग्रँड."

"नो एस!"

आम्ही तिघंही एकदम ओरडलो. मागच्या रांगेतले लोक आमच्याकडे बघायला लागले. सगळ्यात मोठा आवाज मुलीचा होता. तिला स्वतःलाच ते कळलं आणि ती बुटांच्या लेसकडे बघू लागली. बायकोने माझा हात धरला, बऱ्याच दिवसांनी.

पोऱ्याने हसत बॅगेला टॅग लावला. मी वाकून पाहिलं. बॅग पट्ट्यावरून आत निघाली होती आणि टॅगवर मोठ्या अक्षरांत गावाचा कोड होता: वाय, एस, जे.

एस होता. अगदी मधोमध.

"अगं," मी बायकोला म्हटलं, "त्यात एस आहे."

"चल पुढे," ती म्हणाली.